ड्युरॅन्टच्या बदल्यात रसेल : हिशेब कोणाचा जुळला?

जून महिना संपला की अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये मैदानावरचा खेळ थांबतो आणि करारांचा खेळ सुरू होतो. ज्यांची मुदत संपली ते खेळाडू मोकळे होतात, संघांच्या तिजोऱ्या उघडतात आणि कोणी कोणाला काय देऊन काय मिळवले यावर चाहत्यांमध्ये महिनोन्‌महिने वाद झडतात. अशा वादांत आजही वारंवार दाखला दिला जातो तो २०१९ च्या उन्हाळ्यातील एका अदलाबदलीचा. गोल्डन स्टेट वॉरियर्सचा केव्हिन ड्युरॅन्ट ब्रुकलिन नेट्सकडे गेला आणि त्याच्या बदल्यात डी'अँजेलो रसेल वॉरियर्सकडे आला. आता इतकी वर्षे लोटल्यावर या सौद्याचा ताळेबंद मांडता येतो. आणि त्या वेळी दोन्ही शहरांतील पाठीराखे ज्या मुद्द्यांवर भांडत होते, त्यांतील बरेचसे गैरलागू होते असे दिसते.

पार्श्वभूमी अशी होती. ड्युरॅन्ट २०१६ मध्ये वॉरियर्समध्ये दाखल झाला. २०१७ व २०१८ अशी सलग दोन विजेतेपदे संघाने मिळवली आणि दोन्ही अंतिम मालिकांत तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१९ च्या अंतिम मालिकेत मात्र टोरांटोविरुद्ध पाचव्या सामन्यात त्याच्या टाचेवरचा स्नायुबंध तुटला. पुढच्याच सामन्यात क्ले थॉम्पसनचा गुडघा गेला आणि वॉरियर्सने ती मालिका २-४ अशी गमावली. पुढचा संपूर्ण मोसम ड्युरॅन्ट खेळू शकणार नाही हे उघड होते. तरीही ३० जून रोजी त्याने ब्रुकलिनची निवड जाहीर केली. चार वर्षांसाठी सुमारे १६ कोटी ४० लाख डॉलरचा हा करार होता.

नियमांची कोंडी

येथे वेतनमर्यादेचा नियम समजून घ्यावा लागतो. त्या मोसमासाठी प्रत्येक संघाची मर्यादा सुमारे १० कोटी ९१ लाख डॉलर होती. स्वतःच्या खेळाडूला टिकवण्यासाठी ती ओलांडण्याची मुभा असते; बाहेरच्या मोठ्या खेळाडूला घेण्यासाठी मात्र नसते. स्टीफन करी, थॉम्पसन, ड्रेमंड ग्रीन आणि आन्द्रे इग्वडाला या चौघांच्या वेतनानेच ही मर्यादा जवळपास भरत होती. म्हणजे ड्युरॅन्ट नुसताच निघून गेला असता, तर त्याची जागा त्या तोडीच्या खेळाडूने भरण्याचा मार्गच वॉरियर्सपुढे उरला नसता. संघव्यवस्थापनाने म्हणून वेगळी वाट काढली. जाणाऱ्या खेळाडूशी आधी करार करायचा आणि तो करारच दुसऱ्या संघाला देऊन त्या बदल्यात रसेलला घ्यायचे. रसेलला चार वर्षांसाठी ११ कोटी ७० लाख डॉलर मिळाले.

या वाटेला जकात होती. अशा पद्धतीने खेळाडू घेणाऱ्या संघावर त्या मोसमात १३ कोटी ८९ लाख डॉलरची आणखी एक, कोणत्याही सबबीवर न ओलांडता येणारी मर्यादा लागू होत होती. तिच्यात बसण्यासाठी इग्वडालाला मेम्फिसकडे पाठवावे लागले. त्याचे वेतन कोणी उचलावे म्हणून पहिल्या फेरीतील नवोदित निवडीचा एक हक्कही सोबत द्यावा लागला. इग्वडाला हा २०१५ च्या अंतिम मालिकेचा मानकरी आणि संघाच्या जडणघडणीचा साक्षीदार. चाहत्यांचा खरा संताप ड्युरॅन्टच्या जाण्यावर नव्हे, तर या जाण्यावर होता.

दोन शहरे, चार बाजू

वॉरियर्सच्या पाठीराख्यांत सरळ दोन तट पडले. अवघ्या २३ वर्षांचा, नुकताच ऑल-स्टार झालेला खेळाडू फुकट हाती लागला, असे एका गटाचे म्हणणे. करीच्या शेजारी चेंडू हातात ठेवणारा आणि बचावात कच्चा असलेला आणखी एक गार्ड कशाला, त्यासाठी इग्वडालाचा बळी का, असा दुसऱ्याचा सवाल. ब्रुकलिनमध्येही चित्र वेगळे नव्हते. रसेलने त्या मोसमात सरासरी २१ गुण करून नेट्सला ४२ विजयांसह बाद फेरीत नेले होते. जो संघ पडझडीतून हळूहळू उभा राहताना चाहत्यांनी पाहिला, तोच मोडून ड्युरॅन्ट आणि कायरी अर्व्हिंग यांना आणणे काहींना पचत नव्हते. अर्थात, विजेतेपद हवे तर महान खेळाडूच हवेत, हा प्रतिवाद अधिक जोरात होता.

पहिल्या मोसमाने वॉरियर्सच्या टीकाकारांची बाजू उचलून धरली. ऑक्टोबरअखेर करीचा हात मोडला, थॉम्पसन संपूर्ण मोसम बाहेर राहिला आणि संघ १५ विजय व ५० पराभव अशा कामगिरीसह तळाला गेला. रसेल ३३ सामने खेळला, गुणही भरपूर केले. पण तो संघात मुरला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला मिनेसोटाकडे धाडण्यात आले. बदल्यात आला अँड्र्यू विगिन्स, अवाजवी वेतनाचा म्हणून हिणवला जाणारा खेळाडू, आणि सोबत पहिल्या फेरीतील एक हक्क, ज्यावर २०२१ मध्ये जोनाथन कुमिंगाची निवड झाली.

याच विगिन्सने पुढे सारा हिशेब फिरवला. २०२२ च्या अंतिम मालिकेत त्याने बोस्टनच्या आघाडीच्या खेळाडूंना जखडून ठेवले. पाचव्या सामन्यात २६ गुण आणि १३ रिबाउंड अशी कामगिरी करून त्याने पारडे झुकवले आणि वॉरियर्सने ४-२ असा विजय मिळवला. तोवर इग्वडालाही संघात परतला होता. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याचा ९ क्रमांक वॉरियर्सने सन्मानपूर्वक निवृत्त केला.

ब्रुकलिनच्या पदरात मात्र काय पडले? २०२१ मध्ये मिलवॉकीविरुद्ध सातव्या सामन्यात ड्युरॅन्टने अखेरच्या क्षणी टाकलेला चेंडू जाळीत गेला, पण बूट तीन गुणांच्या रेषेवर होता. दोनच गुण मिळाले, सामना लांबला आणि नेट्स हरले. २०२२ मध्ये बोस्टनने त्यांना पहिल्याच फेरीत ४-० असे बाहेर काढले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्व्हिंग डॅलसला आणि ड्युरॅन्ट फिनिक्सला गेला. ड्युरॅन्टच्या काळात नेट्सने बाद फेरीतील केवळ एक मालिका जिंकली.

निष्कर्ष काय?

यावरून वॉरियर्सचे व्यवस्थापन द्रष्टे आणि ब्रुकलिनचे अडाणी, असा निष्कर्ष काढणे सोपे. पण ते न्याय्य नाही. मिलवॉकीचा तो सामना एका बोटाच्या अंतराने गेला. विगिन्स असा बहरेल याची खात्रीही कोणाला नव्हती. फरक आहे तो सौद्याच्या स्वरूपात. ब्रुकलिनने एक खेळाडू विकत घेतला; वॉरियर्सने खेळाडूपेक्षा वेतनाच्या वहीतील एक जागा राखली. ती जागा आधी रसेलने भरली, मग विगिन्सने. ड्युरॅन्ट विरुद्ध रसेल ही चाहत्यांनी केलेली तुलना त्यामुळे मुळातच अपुरी होती.

तरीही चाहत्यांचा आक्षेप सर्वस्वी फोल म्हणता येत नाही. वहीतील जागा राखण्याची किंमत त्या वेळी एका जुन्या, विश्वासू खेळाडूने दिली आणि दोन मोसम संघ बाद फेरीबाहेर राहिला. ओकलंड सोडून सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या, महागड्या प्रेक्षागृहात गेलेल्या संघामागे पाठीराखे त्याही दिवसांत उभे होते. विजेतेपदाने तो तोटा झाकला. असे विजेतेपद प्रत्येक संघाच्या वाट्याला येत नाही. नव्या अदलाबदलीच्या रात्री कोण जिंकले असे विचारण्यापूर्वी, जागा राखली की केवळ नाव मिळवले, आणि त्याचा भुर्दंड कोणावर पडला, हे दोन प्रश्न विचारणे अधिक शहाणपणाचे ठरेल.