हत्ती पाटावर मांडा

सप्टेंबर सरता सरता सूर्य हस्त नक्षत्रात जातो, तेव्हा नगर जिल्हा दोन गोष्टींची वाट पाहत असे. कर्जत-जामखेडच्या आणि पाथर्डीच्या शेतकऱ्याला रब्बीच्या ज्वारीसाठी ओल हवी असते, म्हणून हत्तीचा पाऊस. आणि घरातल्या मुलींना हवा असे भोंडला. ज्या हत्तीने पाऊस आणायचा, त्यालाच पाटावर तांदळाने किंवा रांगोळीने काढायचे, हळदकुंकू वाहायचे आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. काही घरांत भिंतीवर समोरासमोर उभ्या दोन हत्तींचे चित्र लागे, त्याला फळांच्या माळा चढत, तो हादगा. पावसाची वाट आजही पाहिली जाते. संध्याकाळी दारात येणारा मुलींचा घोळका मात्र आता बहुतेक घरांना दिसत नाही.

घोळकाच तो. माळीवाडा, नालेगाव, चितळे रोडच्या वाड्यांतून दिवेलागणीला निघायचा. आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे, आणि जोर असला तर एकाच संध्याकाळी चार घरी. पहिल्या दिवशी एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, अशी सोळाव्या दिवशी सोळा, ही मूळ रीत. पुढे सोळाचे नऊ दिवस झाले. गाणी संपली की खरा खेळ सुरू. घरच्या बाईने झाकून आणलेला डबा हलवायचा, आवाज ऐकायचा आणि विचारत सुटायचे: गोड की तिखट? ओली की कोरडी? तळलेली की भाजलेली? वाटली डाळ, मटकीची उसळ, शंकरपाळे लवकर ओळखू येत. म्हणून सुगरणी डोके लढवत आणि कोणाच्या ध्यानीमनी नसेल असे काहीतरी करून ठेवत. नुकत्या उपटलेल्या भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगांनीही भल्याभल्यांना चकवले आहे. भाऊ दाराशी घुटमळत, कारण त्यांना प्रवेश खिरापतीपुरताच.

हे थांबले त्यात कोणाला दोष द्यावा असे नाही. सावेडी-केडगावच्या इमारतींत शेजारचे दार बंद असते. आई नोकरीवरून सात वाजता येते. दिवाळीच्या आधी सहामाही परीक्षा असते आणि तिच्याआधी शिकवणी. अंधार पडल्यावर मुलीला एकटीने चार घरी धाडायचे तर आईबापाचा जीव थाऱ्यावर राहत नाही, आणि त्यांची काळजी खोटी नाही. मग भोंडला गेला मंगल कार्यालयात आणि शाळेच्या पटांगणात. महिला मंडळाची एक संध्याकाळ, ध्वनिक्षेपकावर गाणी, नऊवारीची स्पर्धा आणि आचाऱ्याकडून आलेली खिरापत. तिथला आनंद खरा आहे, त्याला आम्ही कमी लेखत नाही. पण तिथे डबा हलवून विचारायला कोणी नसते. आणि कोणत्या घरात कोण राहते, कोणाची आई काय चांगले करते, कोणत्या आजींना जास्त गाणी येतात, हे मुलींना घरोघर फिरूनच कळत होते. सभागृहात ते कळायचे कसे?

हे आपल्याकडेच घडते आहे असेही नाही. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन असतो. मुले सोंगे घेऊन घरोघर जातात, दार वाजवतात आणि खाऊ द्या नाहीतर खोडी काढू, असा लटका दम देतात. तिथल्या मराठी घरांतली मुले त्याच महिन्यात महाराष्ट्र मंडळाच्या भोंडल्यालाही जातात. पण तिकडेही कित्येक वस्त्यांत दार वाजवणारी मुले कमी झाली आहेत. त्याऐवजी शाळेच्या किंवा चर्चच्या वाहनतळावर मोटारी ओळीने लावायच्या, डिक्या सजवायच्या आणि मुलांनी डिकीडिकीतून खाऊ घ्यायचा, अशी सोय निघाली आहे. कारणेही आपलीच: सुरक्षितता आणि वेळ. तरी तिथली पुष्कळ प्रौढ माणसे दरवर्षी दारात भोपळा कोरून ठेवतात, स्वतः वेष करतात, आणि कोणी आले नाही तरी दिवा लावून बसतात. आम्हाला त्यांचे फार कौतुक वाटते.

आपल्याकडे मोठ्या बाईला वाटते, हा पोरीबाळींचा खेळ, आपण कशाला? तिने भोंडल्याची गाणी एकदा नीट ऐकावीत. त्यांत सासू आहे, रुसवा आहे, माहेरी जाण्याची परवानगी आहे. कारल्याचा वेल लावल्यापासून त्याची भाजी होईपर्यंत सुनेला अडवून ठेवणारे घर आहे. शाळकरी मुलीच्या आयुष्यातले हे विषय नव्हेत. मुलींच्या लग्नाला किमान चौदा वर्षांची अट घालणारा शारदा कायदा १९२९ साली झाला. त्याआधी आठ-दहा वर्षांची मुलगी सून म्हणून नांदत असे. ही गाणी त्या सुनांची, आणि त्यांना त्या घरात जे उघड बोलता येत नव्हते ते त्या फेरात गाऊन टाकत. लग्नाचे वय वाढले, सुना मोठ्या झाल्या आणि फेर परकऱ्या पोरींकडे राहिला. आज चाळिशीची बाई पाटाभोवती उभी राहिली तर ती आपल्याच जागेवर उभी आहे.

आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यात, बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून रात्र रात्र सोंगे नाचवणारे तिथे बाप्ये असतात. कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे हे ठरलेले असते आणि तो मान पुढच्या पिढीकडे जातो. पोरे कडेला बसून बघतात आणि बघता बघता शिकतात. आईबापांना कशाची हौस आहे हे पोरांना असेच कळते. भोंडल्याच्या बाबतीत आपण पोरींनाच पुढे ढकलले आणि स्वतः सोफ्यावर बसून फोटो काढले.

म्हणून आमचे सांगणे मोठ्यांना आहे, आणि त्यातही ज्यांच्या घरात लहान मुले नाहीत त्यांना आधी. इमारतीतली पाच घरे ठरवा, पाच संध्याकाळी वाटून घ्या. आठची वेळ ठेवा, म्हणजे नोकरीवाल्या पोहोचतील. पाट दिवाणखान्यातच मांडा, दार सताड उघडे ठेवा, खिरापत स्वतः करा आणि डब्याचे झाकण कोणी ओळखेपर्यंत काढू नका. पुरुषांनाही फेरात घ्या. त्यांनी दाराशी पुष्कळ वर्षे काढली. गाणी येत नसतील तर वरच्या मजल्यावरच्या आजींना बोलवायला जा, त्यांचे घर या निमित्ताने बघून होईल. मुली आल्या तर उत्तम, त्यांच्या परीक्षा असतील तर त्या खिरापतीला येतील. आणि नवरात्रात केडगावच्या किंवा मोहट्याच्या देवीला जाण्यात दिवस निघून गेले, तर कोजागरीपर्यंत अवकाश आहे. खानदेश-विदर्भातून नगरला येऊन राहिलेल्या घरांची भुलाबाई तोवर चालतेच, त्यांच्याकडून ती गाणीही मागून घ्या.