दूरवैद्यकाचे यश केवळ आकड्यांनी मोजू नका

काशीचा राजा घाट मराठी माणसाला परका नाही. अमृतराव पेशव्यांचे नाव त्याच्या बांधकामाशी जोडलेले आहे. घाटामागच्या अरुंद गल्ल्यांत मोठे वाहन शिरत नाही. बनारस हिंदू विद्यापीठाचे सर सुंदरलाल रुग्णालय त्याच शहरात आहे. पण गुडघे थकलेल्या वृद्धेसाठी दगडी पायऱ्या आणि रुग्णालयातील रांग हेच अंतर शेकडो कोसांचे ठरते. अशा वस्तीत पडद्यावरून भेटणारा डॉक्टर ही चैन नव्हे, गरज आहे. म्हणूनच त्या सेवेच्या सुरक्षिततेचा प्रश्न कठोरपणे विचारला पाहिजे.

‘ई-संजीवनी’ या राष्ट्रीय सेवेने फेब्रुवारी २०२३ मध्ये दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. ही कामगिरी मोठी आहे, यात शंका नाही. पण सल्ल्यांची संख्या सेवा किती पोहोचली हे सांगते, रुग्ण किती सुरक्षित राहिला हे सांगत नाही. किती निदाने चुकली? किती रुग्णांना प्रत्यक्ष तपासणीसाठी पाठवण्यास उशीर झाला? किती वेळा आधीच चालू असलेल्या औषधाशी नव्या औषधाचा विरोध झाला? दहा कोटींच्या शेजारी हे आकडे छापले जात नाहीत, तोवर तो आकडा अर्धवटच आहे.

नियम नाहीत, असे मात्र नाही. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. कोणती औषधे दुरून लिहून देता येतील याच्या याद्या त्यांत आहेत. अमली व मनोप्रभावी औषधांना मनाई आहे. दुरून उपचार शक्य नसल्यास रुग्णाला प्रत्यक्ष तपासणीसाठी पाठवण्याची जबाबदारीही सांगितली आहे. परंतु उपकरणे व सॉफ्टवेअर यांचे तांत्रिक निकष या तत्त्वांनी स्वतःच्या कक्षेबाहेर ठेवले. डॉक्टरला नियमाने बांधले. ज्या यंत्रावर तो विश्वास ठेवतो, त्याला मोकळे सोडले.

यंत्र तटस्थ असते, ही समजूत विज्ञानाने केव्हाच खोडून काढली आहे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचेच पाहा. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना रक्तातील प्रत्यक्ष प्रमाण ८८ टक्क्यांखाली असल्याचे कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के तपासण्यांत आढळले. श्वेतवर्णीयांत हे प्रमाण ३.६ टक्के होते. सावळ्या त्वचेच्या देशात हा तपशील तळटीपेत टाकण्याजोगा नाही.

सॉफ्टवेअरचीही तीच कथा. पिट्सबर्गच्या एका बालरुग्णालयात संगणकीय औषधनोंदणी सुरू झाल्यावर, बाहेरून पाठवलेल्या बालरुग्णांतील मृत्युदर २.८० वरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे २००५ च्या शोधनिबंधाने नोंदवले. सिॲटलच्या रुग्णालयात मात्र अशी वाढ दिसली नाही. यातून संगणक घातक असल्याचे सिद्ध होत नाही. ती प्रणाली कशी बसवली आणि परिचारिकांच्या कामाची लय तिने मोडली की जपली, यावर सारे अवलंबून असते, एवढाच त्याचा बोध.

येथेच खरी उणीव दिसते. ‘ई-संजीवनी’च्या मोठ्या भागात रुग्णाशेजारी सामुदायिक आरोग्य अधिकारी बसलेली असते. ती बहुधा प्रशिक्षित परिचारिकाच असते. नाडी ती मोजते, घाम तिला दिसतो, बोलताना लागणारी धाप तिला ऐकू येते. पडद्यापलीकडच्या डॉक्टरला कळते ते मुख्यतः तिच्याच हातांनी आणि शब्दांनी. तरीही चर्चेत डॉक्टर आणि ॲप एवढेच उरतात. परिचारिका ‘सहायक’ म्हणून कोपऱ्यात जाते. संरक्षणाची शेवटची भिंत तीच असेल, तर त्या भिंतीला अधिकार नकोत काय?

मागण्या साध्या आहेत. धोका दिसताच सल्ला थांबवून रुग्णाला रुग्णालयात पाठवण्याचा नि:संदिग्ध अधिकार परिचारिकेला हवा, आणि तो वापरल्याबद्दल तिला जाब विचारला जाऊ नये. चुका नोंदवण्याची शिक्षामुक्त व्यवस्था हवी. त्या नोंदींचा सारांश दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. उपकरणे भारतीय त्वचेवर, भारतीय हवामानात तपासलेली असावीत.

यावर ‘आधी सेवा पोहोचू द्या, सुरक्षितता मागाहून पाहू’ असे उत्तर मिळेल. हा युक्तिवाद गरिबाच्या वाट्याला दुय्यम दर्जा देतो. ज्याला दुसरा डॉक्टर गाठता येत नाही, त्याच्यावरील उपचारातील चूक दुरुस्त करणारेही कोणी नसते. सुरक्षिततेची सर्वाधिक गरज त्यालाच आहे.