न घेतलेल्या कर्जाचा तगादा

ज्यांनी आयुष्यभर वाण्याची उधारीदेखील महिनाअखेर चुकती केली, त्यांना फोनवरून कोणी दरडावून विचारतो, "थकलेला हप्ता कधी भरणार?" हा प्रश्न वृद्ध मनाला फार लागतो. झोप उडते, रक्तदाब चढतो, फोन वाजताच छातीत धस्स होते. अब्रूच्या भीतीने घरात कोणाला सांगितले जात नाही आणि क्वचित गुपचूप पैसेही भरले जातात. म्हणूनच हा विषय आरोग्याचाही आहे.

असे फोन चुकून का येतात? बंद झालेला मोबाइल क्रमांक किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो. कर्जाच्या नोंदीत मात्र तो जुन्या ग्राहकाच्या नावापुढे तसाच राहतो. कधी नावसाधर्म्य नडते, कधी एखाद्या परिचिताने अर्जात संदर्भ म्हणून आपला क्रमांक दिलेला असतो. संदर्भ म्हणजे जामीन नव्हे. जामीनपत्रावर आपली सही नसेल, तर फेडीचे दायित्व आपल्यावर येत नाही. दिवंगत आप्ताच्या कर्जाबाबतही वारसाचे दायित्व त्यास मिळालेल्या मालमत्तेपुरतेच असते.

फोन आल्यास वाद घालू नये. संस्थेचे, बोलणाऱ्याचे व कर्जदाराचे नाव विचारून तारीख-वेळेसह वहीत टिपावे. "ही व्यक्ती या क्रमांकावर नाही, नोंद दुरुस्त करा," एवढे सांगून फोन ठेवावा. आधार क्रमांक, खात्याचा तपशील वा ओटीपी देऊ नये आणि प्रकरण मिटावे म्हणून एक रुपयाही भरू नये.

पुढे त्या बँकेच्या वा वित्तसंस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. पत्ता संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. फोन करणाऱ्याने दिलेला नव्हे. 30 दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022च्या निर्देशांनुसार वसुलीसाठी सकाळी 8 पूर्वी व सायंकाळी 7 नंतर फोन करण्यास, तसेच कर्जदाराच्या नातेवाइकांना वा मित्रांना त्रास देण्यास मनाई आहे. धमकी आल्यास पोलिसांकडे जावे. फसवणुकीत पैसे गेल्यास तत्काळ 1930वर कळवावे. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा मिळणारा मोफत अहवालही पाहावा. आपल्या नावाने कोणी कर्ज काढले असल्यास ते त्यात बहुधा उघड होते.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. आजी-आजोबांचा फोन काढून घेऊ नका. तोच त्यांचा जगाशी दुवा असतो. "तुम्ही कुठे सही तर केली नाही ना?" असा पहिला प्रश्नही नको. त्यांच्याजवळ बसून वही उघडा, तक्रार आपण लिहा आणि ती त्यांना वाचून दाखवा. आपल्यावर घरच्यांचा विश्वास आहे, हे कळले की निम्मा भार तेथेच उतरतो.