आधी घासणे, मग जंतुनाशक

चूळ भरल्याने दातांवरचे किटण निघत नाही, हे आपण रुग्णांना वरचेवर सांगतो. मांसप्रक्रियेच्या यंत्रांबाबत मात्र जंतुनाशक फवारले की काम झाले, असा समज अजूनही आढळतो. तो घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

2008 साली कॅनडात मेपल लीफ फूड्स या कंपनीच्या टोरांटो येथील कारखान्यातून गेलेल्या मांसाच्या तयार कापांमुळे लिस्टेरियाची साथ पसरली. 57 रुग्ण आढळले. त्यांतील 20हून अधिक दगावले, बहुतेक वृद्ध. संशय ठरला तो काप करणाऱ्या मोठ्या यंत्रांवर. त्यांच्या आत, नेहमीच्या सफाईत हात न पोचणाऱ्या जागी, मांसाचे कण साचले होते. त्याआधीही कारखान्याच्या तपासणीत लिस्टेरिया पुनःपुन्हा सापडला होता. सफाई होई आणि तो परत येई.

याचे कारण आपल्याला अपरिचित नाही. ओरखडे, सांधे, रबरी वायसर अशा जागी जीवाणू चिकटतात आणि स्वतःभोवती बहुशर्करा व प्रथिनांचे चिकट आवरण तयार करतात. हीच बायोफिल्म. तिच्यात जंतुनाशक पुरेसे शिरत नाही. मांसकणांच्या संपर्कात क्लोरीन तर वाटेतच निष्प्रभ होते. शिवाय लिस्टेरिया शीतपेटीच्या तापमानातही वाढतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. यंत्र सुटे करावे, मांसकण काढावेत, कोमट पाण्याने विसळावे, अल्कलीयुक्त डिटर्जंट लावून ब्रशने घासावे, पुन्हा धुवावे व नीट पाहावे. त्यानंतरच क्लोरीन किंवा परॲसिटिक आम्ल वापरावे आणि शेवटी यंत्र कोरडे करावे. ब्रशचे काम जोरदार फवाऱ्यावर सोपवू नये. तुषारांबरोबर जीवाणू इतरत्र पसरतात.

यात वेळ जातो, हीच खरी अडचण आहे. रात्रपाळीच्या सफाई कामगाराला यंत्र उघडण्याइतका वेळ आणि प्रशिक्षण न देणाऱ्या मालकाने रसायनांवर कितीही खर्च केला, तरी तो व्यर्थ होय. एंडोस्कोपची नळी ब्रशने साफ न करता द्रावणात बुडवणे आपण चूक मानतो. तोच दंडक तेथेही हवा.

आज मांसाचे तयार काप आपल्या शहरांतील दुकानांतही मिळतात. गर्भवती, वृद्ध आणि केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांना ते वाफ येईपर्यंत गरम करूनच खाण्यास सांगावे. कारखान्यातील ब्रश आपल्या हाती नाही; हा सल्ला मात्र आहे.