शाळेचा चार्ज

आपल्या संघटनांच्या बैठकांत शाळेचा विषय निघतो तो बहुधा दोन निमित्तांनी. एखाद्या मुलीची शाळा सुटून लग्न ठरल्याची बातमी येते तेव्हा, किंवा शाळेत, शाळेच्या वाटेवर मुलीशी कुणी गैरवर्तन केले की. मग आपण धावतो, निवेदने देतो, पोलीस ठाण्यात बसतो. ते करायलाच हवे. पण वर्गात रोज काय चालते, मुलीला तिथे खरोखर वाचायला-लिहायला येते का, हा प्रश्न मात्र आपण शिक्षणतज्ज्ञांवर सोपवून मोकळ्या होतो. ह्या अंकात मी त्याच प्रश्नाबद्दल लिहिणार आहे, कारण तो आपलाच आहे असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे.

बालविवाह थांबवायला गेल्यावर आईबापांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘शाळेत जाऊन तरी काय येतंय तिला?’ आपण ते बहाणा समजून उडवून लावतो. पुष्कळदा तो बहाणा असतोही. पण सातवीतल्या त्या मुलीच्या हाती वर्तमानपत्र द्यावे आणि ती अडखळत गप्प व्हावी, असेही मी अनेकदा पाहिले आहे. असर २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमध्ये पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ४५ टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. महाराष्ट्रात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. ह्या दोन आकड्यांचा थेट कार्यकारणसंबंध मी जोडत नाही. पण ज्या घरात मुलगा पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातो आणि त्याची बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत, त्या घरात सरकारी शाळा खालावली तर पहिला फटका कुणाला बसतो, हे सांगायला पाहणीची गरज नाही. दलित, आदिवासी, भटक्या समाजातल्या मुलींना तर दुसरी शाळाच नाही.

शाळा सुधारायची कशी म्हटले की इमारत, संगणक, गणवेश ह्यांची चर्चा होते. एकाच तालुक्यातल्या दोन शाळांत मी बऱ्याचदा जाते. अनुदान तेच, पुस्तके तीच, पालक दोन्हीकडे ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणारे. एका शाळेत तिसरीची मुले गोष्टीच्या पुस्तकावरून भांडतात, दुसरीत पाचवीतली निम्मी मुले फळ्यावरचे नुसते उतरवून घेतात. पहिल्या शाळेच्या मुख्याध्यापिका काही जादूगार नव्हेत, आणि कडकही नाहीत. त्या दोन गोष्टी करतात. सकाळचा पहिला तास वाचनात मागे पडलेल्या मुलांबरोबर स्वतः बसतात. आणि शनिवारी शाळा सुटल्यावर चारही शिक्षक वह्या पुढ्यात घेऊन तासभर बोलतात.

त्या तासाला मी एकदा कोपऱ्यात बसून होते. एका मुलीने ५२ वजा २७ बरोबर ३५ असे लिहिले होते. एरवी ह्यावर लाल फुली पडते आणि विषय संपतो. इथे बाईंनी विचारले, ‘पस्तीस आले कुठून?’ पोरीने सातातून दोन काढले होते आणि पाचातून दोन. म्हणजे तिची चूक धांदलीची नव्हती. ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ हे वर्गात शिकवलेले वाक्य तिने मनोभावे पाळले होते! मग हे वाक्य कोण कोण शिकवते, त्याऐवजी काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवले तर काय होईल, ह्यावर बोलणे सुरू झाले. एक तरुण शिक्षक म्हणाले, ‘मला भागाकार नीट शिकवता येत नाही.’ कुणी हसले नाही. पुढच्या आठवड्यात बाईंनी त्यांच्या वर्गावर भागाकार घेतला आणि ते मागे बसले.

ह्याला शिक्षकविकास म्हणायचे. न्यूझीलंडच्या अभ्यासक व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्ये अनेक देशांतल्या संशोधनांचा एकत्र आढावा घेतला. शाळाप्रमुखाच्या कोणत्या कामाचा मुलांच्या शिकण्यावर सर्वांत जास्त परिणाम होतो, हे त्यांनी तपासले. शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणे आणि त्यात स्वतः सहभागी होणे, हे काम सगळ्यांत वर आले. ‘सहभागी होणे’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. प्रशिक्षणाचे पत्र पुढे पाठवून सही करणारा मुख्याध्यापक त्यात बसत नाही.

पण आपल्याकडे मुख्याध्यापक आहे तरी कुठे? शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेहून अधिक मुले असली तरच मुख्याध्यापकाचे पद, सहावी ते आठवीसाठी शंभराहून अधिक. वाड्या-वस्त्यांवरच्या दोनशिक्षकी शाळांना हे लागूच होत नाही. तिथे दोघांतल्या ज्येष्ठाकडे ‘चार्ज’ असतो. ज्याच्याकडे चार्ज त्याच्याकडे पोषण आहाराचा तांदूळ, यूडायसची माहिती, बँकेचे पासबुक, बांधकामाची बिले, पंचायत समितीच्या खेपा आणि रात्री अकराला मोबाईलवर येणारे ‘तात्काळ’ आदेश. ह्याच माणसाला दोन-तीन इयत्ता एकत्र शिकवायच्याही असतात. नेतृत्व करायला वेळ कुठला!

आणि इथेच बाईचा प्रश्न येतो. २०२४-२५च्या यूडायस नोंदीनुसार देशातल्या शिक्षकांत स्त्रिया निम्म्याहून अधिक झाल्या आहेत. तरीही सेवाज्येष्ठ बाईने ‘मला चार्ज नको’ असे लेखी देऊन तो कनिष्ठ पुरुष सहकाऱ्याकडे गेल्याची उदाहरणे मला दर तालुक्यात भेटतात. अधिकारी हसून सांगतात, ‘बायकांना जबाबदारी नको असते.’ मी ह्या बायकांशी बोलले आहे. त्यांना जबाबदारीची भीती नाही. त्यांना ठेकेदाराच्या बिलावर सही करायची नाही. संध्याकाळी तालुक्याहून परतायला एसटी नाही. सरपंचाच्या पुढाऱ्याला नाही म्हटले की बदनामी कोणत्या शब्दांत होते हे त्यांना ठाऊक आहे. आणि घरी गेल्यावर स्वयंपाक वाट पाहत असतो. एकीने तर सांगितले, तिचा चार्ज नको असल्याचा अर्ज नवऱ्याने लिहिला होता. तिने फक्त सही केली.

प्रशिक्षणांचीही तीच कथा. राज्यावर तज्ज्ञ शिकवतात, मग जिल्ह्याला, मग तालुक्याला, मग केंद्रावर. वर ओतलेल्या हंड्यातले खाली भांडेभर पोचले तरी पुष्कळ. १९९४मध्ये केंद्रप्रमुखाचे पद निर्माण झाले ते दहा-बारा शाळांतल्या शिक्षकांना हाताशी धरणारा माणूस असावा म्हणून. तो बघता बघता आकडे गोळा करणारा कारकून झाला. २०२०च्या टाळेबंदीत ‘निष्ठा’चे वर्ग दीक्षा ॲपवर आले तेव्हा एका बाजूला व्हिडिओ लावून दुसऱ्या बाजूला भाजी निवडली जात होती. त्या बायकांना मी दोष देत नाही, कारण ते प्रशिक्षण त्यांच्या वर्गाबद्दल नव्हतेच. निवासी प्रशिक्षण असेल तर तान्हे मूल कुठे ठेवायचे, हे परिपत्रकात कुणी लिहीत नाही. पाळणाघराची साधी सोयही होत नाही.

दुसऱ्या प्रकारे करता येते, हे साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये दिसले. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे शाळांत तपासणीला न जाता शिक्षकांबरोबर बसल्या. मूल कसे शिकते ह्यावर बोलल्या, मारणे-ओरडणे बंद करण्याचा आग्रह धरला आणि शिक्षकांनीच साधने करावीत म्हणून मागे लागल्या. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून त्या शाळा बघायला गेले. २२ जून २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय निघाला तेव्हा त्यामागे ह्या अनुभवाचा मोठा वाटा होता. पुढे गावोगाव वर्गातल्या फरशा रंगल्या. रंग पोचला, शिक्षकांनी बसून बोलायचे मात्र फार थोड्या ठिकाणी पोचले. ते काही शासननिर्णयाने पोचवता येत नाही, हेही खरे.

सावित्रीबाईंच्या अंगावर फेकलेले शेण आपण दर ३ जानेवारीला आठवतो. पण त्यांनी नगरला मिस फॅरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकवण्याचे रीतसर शिक्षण घेतले होते, हे आपल्या पथनाट्यांत क्वचितच येते. त्यांची सोशिकता आपल्याला भावते, त्यांचे व्यावसायिक कौशल्य आपण विसरतो. आजच्या शिक्षिकेबद्दलही समाज हेच करतो. तिला ‘दुसरी आई’ म्हटले की तिला शिकण्याची, सल्ल्याची, अधिकाराची गरज आहे हे विसरायला मोकळे.

मग संघटनांनी काय करावे? शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. प्रत्यक्षात सही बायकोची आणि हजेरी नवऱ्याची असे चालते. आपल्या गटातल्या आया त्या समितीवर आहेतच. त्यांनी बैठकीत संडासाच्या दाराबरोबर एक प्रश्न आणखी विचारावा: आमच्या शाळेतल्या शिक्षकांना आठवड्यातून एक तास एकमेकांच्या वर्गाबद्दल बोलायला मिळतो का, आणि त्या तासाला मुख्याध्यापक बसतात का? शिक्षकांना धारेवर धरायला नव्हे. शिक्षक आणि गाव ह्यांच्यात आधीच पुरेसा संशय आहे.

शिक्षिकांच्या बाजूनेही उभे राहायला हवे. चार्ज घेतलेल्या बाईवर ठेकेदार दबाव आणत असेल तर तिच्याबरोबर पंचायत समितीत दोन कार्यकर्त्या गेल्या की चित्र बदलते, हा आमचा अनुभव आहे. छोट्या शाळांच्या कारकुनीसाठी केंद्रावर एक माणूस द्यावा आणि निवासी प्रशिक्षणात पाळणाघर असावे, ह्या दोन मागण्या घेऊन शिक्षक संघटनांकडे जायचे आहे. त्यांच्या कार्यकारिणींवर बहुतेक पुरुषच आहेत, तेव्हा ही बोलणी सोपी जाणार नाहीत.

पुढच्या अंकासाठी आम्हाला शिक्षिकांची पत्रे हवी आहेत. चार्ज घेतला असेल तर काय निभावले, नाकारला असेल तर का, हे कळवा. नाव छापू नका असे लिहिले तर छापणार नाही.