कंबर मोजली, पुढे काय?

मा. सचिव,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन यांस,



आपल्या विभागाची आशाताई आमच्या गल्लीत येते आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा फॉर्म भरते. वय किती, तंबाखू खाता का, घरात कुणाला साखर आहे का, आठवड्यात चालणं किती होतं, आणि मग पिशवीतून टेप काढून कंबर. बाईची कंबर ८० सेंटिमीटरपर्यंत असली तर शून्य गुण, ९० पर्यंत एक, त्यापुढे दोन. पुरुषांना दहा सेंटिमीटरची सवलत. बेरीज चारच्या वर गेली की तपासणीला आधी यायला सांगून ती पुढच्या घरी जाते. तपासणीत साखर वाढलेली निघाली तर गोळी मिळते. काठावर असली तर सल्ला मिळतो: वजन उतरवा, तेल-साखर कमी करा, चाला.

त्या सल्ल्यानंतर काय होतं, याबद्दल हे पत्र आहे. बहुतेक वेळा काहीच होत नाही.

टेपबद्दल माझी तक्रार नाही. उलट ती हवीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, म्हणजे काट्याच्या हिशेबाने दोघे सारखेच सडपातळ. पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. आपल्याकडचा बारीक दिसणारा माणूसही पोटाशी चरबी बाळगून असतो, हे पुण्यातल्या संशोधनातूनच जगाला कळलं. त्यामुळे आशाताईने काट्याआधी टेप काढावी हे बरोबरच आहे. माझा प्रश्न टेप गुंडाळून पिशवीत गेल्यानंतरचा आहे.

मी साताऱ्याची. इथे दरवर्षी यवतेश्वरच्या घाटात हिल मॅरेथॉन होते, देशभरातून लोक धावायला येतात, रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्ही टाळ्या वाजवतो आणि परतताना कंदी पेढे घेतो. अजिंक्यताऱ्यावर पहाटे चढणारेही पुष्कळ आहेत. पण ज्यांना डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आहे, ते या दोन्ही ठिकाणी फारसे दिसत नाहीत. त्यांच्यापैकी काही जण दर आठवड्याला आमच्या समाजमंदिरात येतात. गटाला नाव नाही, फलक नाही, फी नाही. बहुतेक बायका आहेत, तीन-चार पुरुष आहेत, आणि त्यांतले एक निवृत्त एसटी वाहक आहेत, ज्यांची सगळी नोकरी स्टँडवरच्या चहा-वड्यावर गेली.

आमच्याकडे काय चालतं, ते सांगते. आल्यावर पडद्याआड वजन होतं. आकडा मोठ्याने वाचायचा नाही, नोंदवहीवाली फक्त ‘वर’, ‘खाली’ किंवा ‘तिथंच’ एवढंच म्हणते. महिन्यातून एकदा कंबर. मग गोल बसायचं आणि आठवडा कसा गेला ते सांगायचं. विचारल्याशिवाय कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. हा नियम पाळणं सगळ्यात अवघड जातं. पावडरी, शेक, काढे विकायला येणाऱ्याला दारातूनच नमस्कार. साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्यांना गटाच्या सांगण्यावरून हात लावायचा नाही. वजन उतरायला लागलं की डोस बदलावा लागू शकतो, तेव्हा डॉक्टरांकडे जायचं, आणि एकटीला जायला नको वाटलं तर गटातली कुणीतरी बरोबर जाते.

गोल बसल्यावर ज्या गोष्टी निघतात, त्या कुठल्याही आहारतक्त्यात नसतात. बाईचं वजन पुष्कळदा तिच्या ताटातून वाढत नाही, इतरांच्या ताटांतून वाढतं. पोराने टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या बुडाशी राहिलेला भात, उद्या आंबेल म्हणून आज संपवलेली भाजी. अन्न टाकायचं नाही, हा संस्कार तिच्या एकटीच्या पोटावर पाळला जातो. यावर आमच्या एका ताईंनी उपाय काढला: पोळ्या मोजून लाटायच्या आणि कोण किती खाणार ते सकाळीच विचारायचं. घरच्यांना आधी ते फार विचित्र वाटलं. दुसऱ्या एक जण खानावळ चालवतात, दिवसभर चव घेत असतात. त्यांच्यासाठी छोट्या चमच्याची युक्ती निघाली. उपवासांचं तर विचारूच नका. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने केली त्याने साबुदाण्याची खिचडी पाहिली होती. उपवास सोडायला कुणी सांगत नाही, सांगूही नये. वरईच्या भाताबरोबर ताक आणि काकडीची कोशिंबीर घेतली तर देव रागावत नाही, एवढंच एकमेकींना सांगून झालं.

तेलाचं गणित मात्र सगळ्यांना हादरवून गेलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने माणशी दिवसाला साधारण २७ ग्रॅम तेल पुरे. चार माणसांच्या घरात पंधरा किलोचा डबा साडेचार महिने चालायला हवा. आमच्यातल्या एकीचाही डबा तेवढा चालत नव्हता. ‘तेल कमी करा’ हे वाक्य प्रत्येकीने दवाखान्यात ऐकलं होतं. डब्यावर तारीख लिहायची सुरुवात गटात झाली.

आता आपण म्हणाल, ही गप्पांची भिशी झाली, आरोग्य विभागाचा यात काय संबंध? संबंध आहे, आणि तो जुना आहे. १९६१ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली जीन नायडेच नावाची गृहिणी शहराच्या आरोग्य खात्याच्या लठ्ठपणा क्लिनिकमध्ये गेली. वजन २१४ पौंड, म्हणजे ९७ किलो. क्लिनिकने तिला आहार आखून दिला, तो चांगला होता, तिचं वजन उतरूही लागलं. पण चोरून बिस्किटं खाणं सुटेना, आणि ते क्लिनिकमध्ये सांगण्याची सोय नव्हती. तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांच्यापुढे ते सांगून टाकलं. मग मैत्रिणींनी आपापले चोरकप्पे उघडले. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या, येताना आणखी कुणाला घेऊन आल्या. १९६३ मध्ये याची ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी झाली आणि १९७८ मध्ये हाइन्झने ती सुमारे ७ कोटी डॉलरला विकत घेतली. आहार सरकारी खात्याचा होता. खात्याला जी एक गोष्ट सुचली नाही, ती म्हणजे खुर्च्या गोल मांडणं, आणि तेवढ्यावर कुणीतरी धंदा उभा केला. आपल्याकडे हे आपण उलटं करू शकतो.

पुराव्याचंही बोलू. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. काठावरची साखर असलेले ३,२३४ लोक होते. वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं, अशा गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. तिथे प्रत्येकाला स्वतंत्र मार्गदर्शक होता, ते परवडणारं नव्हतं. मग इंडियानात वायएमसीएच्या केंद्रांत तोच अभ्यासक्रम गटाने घेऊन पाहिला, तर चार-सहा महिन्यांत सरासरी सहा टक्के वजन उतरलं. डॉक्टरांशिवाय, व्यायामशाळेच्या हॉलमध्ये.

चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, राहणीमान बदलायला सतत मदत मिळालेल्यांपैकी ३९.३ टक्क्यांना. आणि गंमत म्हणजे या दुसऱ्या गटाचं वजन जवळजवळ हललंच नव्हतं. चालणं आणि ताट बदललं, काटा तिथंच राहिला, तरी धोका उतरला. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम आहे.

आमच्या सोयीचे तेवढेच आकडे मी पुढे करते असं होऊ नये म्हणून केरळचंही सांगते. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात ६० मतदान विभागांतले १,००७ लोक घेऊन, गावातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन असे गट चालवले गेले. दोन वर्षांनी मधुमेहाच्या प्रमाणात म्हणावा असा ठोस फरक निघाला नाही. भाज्या-फळं खाण्यात, दारू कमी होण्यात, हालचाली करण्याच्या क्षमतेत फरक पडला. म्हणजे गट ही जादू नाही. थायरॉइड, पीसीओएस, स्टेरॉइडची औषधं, रात्रपाळी, यांच्यापुढे गटाचं फार चालत नाही, आणि अशा माणसाला ‘तुझी इच्छाशक्ती कमी पडते’ म्हणणं हा अन्याय आहे. उतरलेलं वजन परत चढवायला शरीर स्वतःच झटत असतं, भूक वाढवतं, ऊर्जेचा खर्च कमी करतं. म्हणूनच तीन महिन्यांचं शिबिर घेऊन हे काम संपत नाही, सोबत वर्षानुवर्षं लागते.

इंजेक्शनांबद्दल आपल्या कार्यालयातही बोलणी होत असतील. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं, त्यानंतर स्वस्त आवृत्त्यांची वाट मोकळी. औषध गुणाचं आहे, ज्यांना गरज आहे त्यांना ते मिळावं. पण एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. इंजेक्शन घेणारी बाईसुद्धा कधीतरी आमच्या सतरंजीवर येऊन बसणार आहे.

आणि गट चालवणं महाराष्ट्राला शिकवावं लागत नाही. बचत गटांच्या पंचसूत्रीतलं पहिलं सूत्र नियमित बैठक हे आहे, ‘उमेद’च्या दशसूत्रीत आरोग्यही आहे. पुण्याच्या मुक्तांगणने व्यसनमुक्तीत दाखवून दिलं की दाखल होण्याइतकंच बाहेर पडल्यानंतरच्या बैठकांना महत्त्व आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांपासून निघालेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर नेलेली दोन वेळा जेवणाची पद्धत पटो न पटो (आहारतज्ज्ञांत तिच्यावरून वाद झालेच), ती टिकली ती व्हॉट्सॲप गटांमुळे. जेवण पंचावन्न मिनिटांत संपवायचं, हे माहीत असणं एक आणि ‘आज बसमधून एक स्टॉप आधी उतरलो’ हे सांगायला रात्री कुणीतरी असणं दुसरं. तरी मी बचत गटांवरच हे काम लादा असं म्हणत नाही. जिथे कर्जाच्या हप्त्याचा हिशेब होतो, तिथे स्वतःच्या कंबरेबद्दल बोलायला बाईला संकोच वाटेल. पद्धत घ्या, माणसं वेगळी असू द्या.

आमचं मागणं थोडं आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरात, आपला दवाखान्यात, ओपीडी संपल्यावर आठवड्यातून एकदा दीड तास बसायला जागा द्यावी. बायकांना दुपार सोयीची, पुरुषांना संध्याकाळ. तिथला काटा नीट चालू ठेवावा, कारण चुकीचा काटा माणसाला गटातून जितक्या लवकर घालवतो तितकं दुसरं काही घालवत नाही. फॉर्मवर चारच्या वर गुण आलेल्याला आशाताईने तपासणीच्या चिठ्ठीबरोबर गटाचा वार आणि वेळही सांगावी. याहून अधिक काही तिच्यावर टाकू नये, तिच्या पिशवीत आधीच पुष्कळ फॉर्म आहेत. गट चालवणाऱ्या बाईला चार दिवसांचं प्रशिक्षण आणि थोडं मानधन द्यावं. समुपदेशक महिन्यातून एकदा येऊन गेला तर उत्तम.

काही गोष्टी मात्र करू नयेत, ही विनंती त्याहून मोठी आहे. याचं ‘अभियान’ करू नये. शुभारंभाला हिरवी झेंडी, टी-शर्ट आणि सकाळच्या दौडीचा फोटो नको. चेहरा म्हणून कुणी सडपातळ अभिनेता नको. आणि जिल्ह्याला किलोचं लक्ष्य तर अजिबातच नको. तालुक्याने मार्चअखेर अमुक टन चरबी उतरवावी असं परिपत्रक निघालं, तर ती कागदावर उतरेल, याची मला खात्री आहे. चेन्नईचं उदाहरण मघाशी यासाठीच दिलं. वजन न हलताही माणूस सुधारतो, पण लक्ष्य किलोचं असलं की ‘तिथंच’ राहिलेली बाई नापास होते आणि पुढच्या आठवड्यात येत नाही. मोजायचंच असेल तर वर्षभरानंतर किती जण अजून येतात, ते मोजावं. तो आकडा खोटा भरणं जरा अवघड असतं.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० कोटींहून अधिक मधुमेही निघाले आणि साडेतेरा कोटींच्या आसपास काठावरचे. महाराष्ट्राच्या वाट्याचे काठावरचे लोक काही दवाखान्याच्या रांगेत उभे नाहीत. ते घरी आहेत, फॉर्म भरून झालेला आहे, सल्ला ऐकून झालेला आहे.

आमच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्राची पुढची खोली दुपारी तीन ते साडेचार रिकामी असते. पंखा चालू आहे, सतरंज्या आम्ही आमच्या आणू, झाडून काढूनच कुलूप लावू. किल्ली कुणाकडे मागायची, तेवढं कळवावं.

आपली नम्र,
गटाची नोंदवही लिहिणारी,
सातारा