ज्वारीतले पाहुणे आणि घरची चिमणी



लहानपणी हुरड्याच्या दिवसांत माय आम्हाला पाखरं राखायला पाठवायची. रान दुसऱ्याचं, राखणीची मजुरी आमची. मचाणावर उभं राहून गोफण फिरवायची आणि "चिमण्या आल्या!" म्हणून ओरडायचं. पुढे कारकुनी करताना पक्ष्यांची पुस्तके चाळली, तेव्हा कळले की त्या साऱ्या चिमण्या नव्हत्याच.

थव्याने उतरणारे ते भारीट. एक काळ्या डोक्याचा, दुसरा लाल डोक्याचा. नराचे पोट पिवळेधमक. मादी मात्र मळकट, म्हणून चिमणीच वाटते. काळ्या डोक्याचा भारीट आग्नेय युरोप, तुर्कस्तान, इराणकडून येतो, लाल डोक्याचा मध्य आशियातून. हिवाळा आपल्या देशात काढून उन्हाळ्याच्या तोंडावर ते परत जातात.

चिमणी घरचीच. ती दाणे खाते हे खरे, पण पिलांना अळ्या-किडे भरवते. चीनने १९५८ साली तिला शेतीचा शत्रू ठरवून मारले. किडी वाढल्या, तेव्हा १९६० साली शत्रूंच्या यादीतून तिचे नाव काढून ढेकणाचे घातले. आपल्या महाराष्ट्रात नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी तिच्यासाठी पुढाकार घेतला, आणि २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो.

आज जळकोटच्या शिवारात सोयाबीन दिसते. शेतकऱ्याला दोष देत नाही, त्याला रोख पैसा लागतो. पण ज्वारी निघाल्यावर आपल्या आयाबहिणी सरवा वेचायच्या. पडलेल्या कणसांवर कितीतरी चुलींची भाकरी झाली. त्यांच्या मागोमाग पाखरंही तेच वेचायची. सोयाबीनच्या रानात भाकरीही नाही, कडबाही नाही, पाखराचा दाणाही नाही. मजुराचा आणि पाखराचा सरवा एकाच वेळी बुडाला.

घराचेही तसेच. माळवदाच्या सांदीत, आढ्याला चिमणी घर करायची. पत्रा आणि स्लॅब आले, तिची जागा गेली.

मग आपण काय करावे? शेत असेल त्यांनी धुऱ्याकडेला ज्वारीच्या चार ओळी पेराव्यात. शेत नसेल त्यांनी सावलीच्या भिंतीला एक खोका बांधावा, खाली पाणी ठेवावे. आणि मुलांना भारीट कोणता, चिमणी कोणती, हे दाखवावे. मी गोफण मारली ती ओळख नव्हती म्हणून. आपल्या लेकरांना ती ओळख असू द्या.